हनुवटीवरचा पहारेकरी

सुभेदारांनी आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि आयुष्यात त्यांना कुणी फसवलंही नाही. "इश्वास ठिवला न्हाई म्हणूनच कुणी फशिवलं न्हाई," असं ते म्हणायचे. यावर वाद घालायला जागाच नसायची. मी आपला गप्प बसायचो. गप्प बसणाऱ्या माणसाचा त्यांना जास्त संशय यायचा, तो भाग वेगळा.

नाव आनंदराव. पण आष्ट्यात आनंदराव म्हणून चौकशी केली असती तर कुणी घर दाखवलं नसतं. लष्करातून सुभेदार होऊन परतले आणि सुभेदारच राहिले. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, आणि समोरच्याकडं बघताना अख्खी मान वळवून, हनुवटी पुढं काढून बघायची सवय. नवा माणूस त्या बघण्यानंच अर्धा कबुलीजबाब देऊन मोकळा व्हायचा.

माझं आष्ट्यात हार्डवेअरचं दुकान आहे. सुभेदार आले की पहिल्यांदा खिशातून लोहचुंबक काढायचे. स्टेनलेस स्टील म्हणून मी दिलेला प्रत्येक स्क्रू त्या चुंबकाला लावून बघायचे. चिकटला तर परत. "सुभेदार, मी काय तुम्हाला फसवीन काय?" असं मी एकदा दुखावल्या सुरात विचारलं, तर म्हणाले, "तू न्हाई रं. पर तुला ज्यानं इकलं त्याला मी वळखत न्हाई." पेट्रोल पंपावर गाडीवरून उतरून, मशीनसमोर उभं राहून शून्य आल्याचं ते स्वतः बघायचे. टपरीवर चहा सांगितला की टपरीवाल्याच्या मागं जाऊन उभे. सांगलीहून भडंग आणायचं तर वरचं नाही घ्यायचे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं मूठभर काढायचे, चावून बघायचे, मग ठरवायचे. वरचा माल दाखवायचा असतो आणि तळातला विकायचा असतो, हे त्यांचं साऱ्या जगाबद्दलचं मत होतं.

"सांगोवांगी न्हाई चालायची. बघितल्याबिगर न्हाई." हे त्यांचं पालुपद. हे कुठून आलं, ते एकदाच थोडंसं कळलं. डोंगरातल्या रस्त्यांवर लष्करी गाड्यांच्या ताफ्यापुढं मोटारसायकलवरून रस्ता बघत जायचं काम त्यांनी पुष्कळ वर्षं केलं होतं. "एकदा एकानं सांगितलं, म्होरं रस्ता मोकळा हाय. मी मानलं," एवढंच म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि विलास. विलास ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, अंगानं पैलवान आणि मनानं लोणी. आम्हा दोघांना माळावर मोटारसायकली घालायचा नाद लागला तो सुभेदारांमुळंच. रविवारी पहाटे आष्ट्यातून निघायचं, ऊस मागं टाकायचा, आणि थेट माण तालुक्याच्या उघड्या माळांवर जाऊन पोचायचं. तिथं रस्ता म्हणजे मेंढरांनी पाडलेली वाट. दगड, कोरडे ओढे, बाभळी आणि गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. साठी उलटलेला हा माणूस गाडीच्या पाय ठेवायच्या पायटांवर उभा राहून त्या वाटेनं गाडी अशी न्यायचा, की मागून बघणाऱ्याला वाटावं, गाडीला वाट पाठ आहे. दिवसभर जगावर वैतागलेला चेहरा माळावर मोकळा व्हायचा. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या होत्या, "माळावरनं आल्यावर दोन दिस माणसासारखं बोलत्यात." गाडी गेली असती तर सुभेदारांचं काय उरलं असतं, ते सगळ्यांना माहीत होतं, त्यांना सुद्धा.

आणि गाडी जायची वेळ आलीच. एका ओढ्यात ते पडले, मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून आम्ही त्यांना घरी आणलं, तर काकू दारातच देव्हाऱ्यातली ताटली घेऊन उभ्या. ताटलीत बेल आणि भंडारा. आमच्याकडं बेलभंडारा उचलून घेतलेली आण कोर्टाच्याही वरची. ती मोडून सुखानं झोपलेला माणूस मी तरी बघितलेला नाही.

"आता परत पडला तर गाडी पुतण्याला द्याची. उचला," काकू म्हणाल्या.

सुभेदारांनी ताटलीकडं मान वळवून नीट बघितलं. मग धडक्या हातानं चिमूटभर भंडारा उचलला आणि म्हणाले, "माज्या चुकीनं मी पडलो, आन ते मला सोताच्या डोळ्यानं दिसलं, तर गाडीला पुन्ना हात लावणार न्हाई."

विलासनं माझ्याकडं बघितलं. काय पळवाट होती! स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघायला माणसाला दुसऱ्या जन्माला यावं लागतं. पण काकूंनी मान डोलावली आणि ताटली आत नेली.

त्यानंतर ते पडले नाहीत असं नाही. पडायचे. कधी दगड सुटा निघायचा, कधी वाळू फसवी निघायची, एकदा तर एका शेळीवर ठपका आला. त्यांची स्वतःची चूक कधीच नसायची, त्यामुळं आण शाबूत. घोटाळा वेगळाच झाला. घरी काही सांगायचं नाही असं आमचं तिघांचं ठरलेलं असायचं, कपडे झटकून, तोंड धुऊन सुभेदार घरात शिरायचे, आणि काकू रात्रीचं ताट वाढताना म्हणायच्या, "आज डाव्या अंगावर पडला न्हवं?"

पडल्याचं तर पडल्याचं, वर अंग कुठलं ते सुद्धा!

झालं. सुभेदारांच्या डोक्यात एकच शब्द घुमायला लागला. फितुरी. आम्ही दोघंच होतो, म्हणजे फितूर आमच्यातलाच. पुढच्या रविवारी निघताना त्यांनी आमचे मोबाईल काढून घेतले आणि स्वतःच्या झोळीत टाकले. तरी काकूंना कळलं. मग आम्हाला वेगवेगळं गाठून तपास झाला. माझ्या दुकानात येऊन मला म्हणाले, "विलास कवा कवा तुज्या काकूकडं जातो रं?" आणि विलासच्या गॅरेजात जाऊन त्याला माझ्याबद्दल तेच. विलास माझ्यावर चिडला, मी विलासवर. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं की हा पैलवानच काकूंच्या हातच्या थालीपीठासाठी विकला गेला असणार.

एके दिवशी सुभेदार दुकानात आले आणि खिशातून काडेपेटीएवढा कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला. सांगलीहून आणला होता. हेल्मेटला लावायचा.

"गाडीची शूटिंग करताय काय?" मी विचारलं.

"सगळ्याची," ते म्हणाले, आणि माझ्याकडं मान वळवून बघितलं.

तो कॅमेरा हेल्मेटला बसवायला अख्खा दिवस गेला. डोक्यावर लावला तर बाभळीच्या फांदीला अडकणार. कानाशी लावला तर मान एका बाजूला ओढणार. शेवटी हनुवटीवर ठरलं. सोबत आलेली चिकटपट्टी त्यांनी नखानं उकलून वास घेऊन बघितली आणि बाजूला ठेवली. "गोंदाच्या भरवशावर मी काडेपेटी बी टांगायचा न्हाई." मग पट्टी लावलीच, पण वर सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी आवळली, आणि तीही दगा देईल म्हणून एक नायलॉनची दोरी हेल्मेटच्या भोकातून ओवून कॅमेऱ्याला बांधली. एकावर दुसऱ्याचा पहारा आणि दुसऱ्यावर तिसऱ्याचा. पहिल्या खेपेला नुसतं आभाळच आलं. दुसऱ्या खेपेला हँडल आणि त्यांचीच मांडी. बसल्यावर कॅमेरा एकीकडं बघतो आणि पायटांवर उभं राहिल्यावर दुसरीकडं, हे ध्यानात आल्यावर सुभेदार माझ्या दुकानात हेल्मेट घालून बाकावर चढले आणि गाडीवर उभं राहतात तसे गुडघे वाकवून उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं खिळे न घेताच गेली.

माळावर त्या कॅमेऱ्याचा संशय आम्हाला सोडून दुसऱ्यांनाही आला. बिरूआबा म्हणून एक मेंढपाळ आहेत, त्यांच्या खोपीशी आम्ही नेहमी थांबायचो. त्यांनी हनुवटीवरची ती काळी डबी बघितली आणि काठी आडवी धरली. पवनचक्क्यावाले यायच्या आधी असलीच माणसं डब्या घेऊन हिंडून गेली होती, आणि मग चरायचा माळ तारेच्या कुंपणाआड गेला होता.

"मोजणी हाय का काय?" आबांनी विचारलं. "खरं सांगा सुभेदार. काय काय आलंय त्येच्यात, मला दावा."

दुसरा कुणी असता तर रागावला असता. सुभेदार खूश झाले. चाळीस वर्षांत कुणीतरी त्यांच्यासारखा माणूस भेटला होता. त्यांनी मोबाईलवर चित्रण लावून दिलं. आबांनी ते संपेपर्यंत डोळ्याची पापणी न हलवता बघितलं, पडद्यावरची आपली मेंढरं बोटानं मोजली, मग समोरची मोजली, दोन्ही जुळल्यावर काठी खाली घेतली. "मानूस बरा हाय," असं सुभेदार त्यांच्याबद्दल म्हणाले. त्यांच्या तोंडून माणसाबद्दल एवढं चांगलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आमचे मात्र हाल झाले. चहाला थांबलो की सुभेदार हेल्मेट काढून दगडावर ठेवायचे, तोंड आमच्याकडं करून, कॅमेरा चालू. विलासची तर बोलीच बदलली. "चहा फारच उत्तम आहे," असं तो बातम्या वाचल्यासारखा बोलायला लागला. मी त्याच्यावर डोळा ठेवून, तो माझ्यावर, आणि ती डबी दोघांवर. नाद म्हणून सुरू केलेली गोष्ट, पण रविवार आला की गाडी काढूच नये असं वाटायचं.

फितूर कोण ते मला अचानकच कळलं. काकूंनी सांगितलेला नळ द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. काकू पायरीवर बसून सुभेदारांचं जाकीट मांडीवर घेऊन चिमट्यानं काहीतरी वेचत होत्या. कुसळं! माणच्या वाळल्या गवताची, कापडात घुसली की उलटी न निघणारी.

"पायमोज्यात असली तर मानूस उभा व्हता," काकू म्हणाल्या. "खांद्याला आन कॉलरला असली तर आडवा. ही बग, समदी डाव्या अंगाला."

मला हसू आवरेना. ही बाई कुणाला फोन करत नव्हती की कुणाला विचारत नव्हती. पण सुभेदारांना मी काही बोललो नाही. काकूंनी बोटानं गप्प राहायला सांगितलं होतं, आणि नवऱ्यावर नजर ठेवायचं त्यांचं ते एकच साधन होतं.

मग तो रविवार आला. रुंद, सपाट वाट होती, दगडधोंडा कमी, अशी वाट माळावर क्वचित मिळते. विलास पुढं, मधे सुभेदार, मी बराच मागं. मी पोचलो तेव्हा गाडी आडवी, सुभेदार जमिनीवर, पाय मुरगळलेला, आणि विलास तोंडाचा आ करून उभा.

"ह्यानं आडवी घातली!" सुभेदार ओरडले. "मोकळ्या वाटंला मला दाबलं ह्यानं!"

"आवं, मी म्होरं व्हतो की लांब," विलास म्हणाला.

"म्होरं का मागं, ते आता कॅमेरा सांगंल. सांगोवांगी न्हाई."

विलासच्या डोळ्यात पाणी आलं. मला त्या वेळी सुभेदारांचा मनापासून राग आला. त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड तिथंच काढलं, रुमालात बांधलं, आणि गाठ विलासलाच मारायला लावली. मागाहून कुणी म्हणायला नको, की सुभेदारांनी आत काही केलं. स्वतःसुद्धा बघणार नव्हते. पंचांसमोर उघडायचं. गाडी बिरूआबांच्या खोपीला ठेवली आणि सुभेदार माझ्यामागं बसून आष्ट्याला आले.

दिवेलागणीला त्यांच्या घरी आम्ही बसलो. पंच म्हणजे मी आणि काकू, आरोपी विलास. रुमालाची गाठ विलासनंच सोडली. मी कार्ड टीव्हीला लावलं.

वाट दिसली. विलास खरोखरच लांब पुढं होता, उजवीकडं, धुळीचा एक ठिपका. आणि हेल्मेटमधला सुभेदारांचा आवाज ऐकू यायला लागला. गाडीवर ते स्वतःशी बोलतात हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. ताफ्यापुढं चालल्यासारखे ते वर्दी देत होते. "उजवं मोकळं. डावं मोकळं. म्होरं मोकळं." आवाजात असा आनंद होता, की बाराव्याला बसल्यासारखं बसलेल्या आम्हाला ते ऐकवेना. वाटेच्या डाव्या कडेला हद्दीचा दगड दिसायला लागला. चुना लावलेला, पांढराशुभ्र, कमरेएवढा. तो मोठा होत आला. "डावं मोकळं," सुभेदार म्हणाले. दगड आणखी मोठा झाला. "डावं मोकळं." मग एक दणका, आभाळ, आणि त्यांचा श्वास.



"परत लाव," सुभेदार म्हणाले. मी लावलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. लंगडत उठले, टीव्हीपाशी गेले आणि त्या दगडावर बोट ठेवलं. "ह्यो कुटनं आला?"

विलास एकदम म्हणाला, "धूळ लय व्हती सुभेदार. मीच उडीवली. चूक माजीच हाय."

आणि काकू, ज्या बाईनं भंडारा उचलायला लावला होता त्या काकू, पदर सावरत म्हणाल्या, "कसला दगड? मला तर काय दगड दिसंना."

सुभेदारांनी मान वळवून दोघांकडं बघितलं. "खोटं बोलायला बी सराव लागतो," ते हळूच म्हणाले. "तुमाला जमंना. अगं, कॉलरमदलं कुसाळ दिसतंय तुला, आन एवढा धोंडा दिसंना व्हय?"

काकू चपापल्या. "तुमास्नी कसं कळलं कुसळाचं?"

"हेल्मेट घरात चालू ऱ्हायलं व्हतं एकदा. बघितलं मी. लय दिस झालं."

"मग तवाच का न्हाई काढला त्यो कॅमेरा?"

सुभेदार खाली बसले. पाय चोळत राहिले. "तू दर बारीला डावं अंग म्हणायचीस. डावंच का, ते बगायचं व्हतं. दर बारीला काय ना काय निघायचं, वाळू न्हाईतर ओढा. मन मानायचं न्हाई. आज वाट सपाट व्हती. आज तरी विलासची चूक निघंल, आसं लय वाटत व्हतं बग." मग विलासच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही.

गाडीची किल्ली त्यांनी खिशातून काढून देव्हाऱ्यात ठेवली. काकू रडायला लागल्या. "मी कुटं म्हणलं आत्ताच सोडा म्हणून? डोळ्याचं काय आसंल तर दावू की डॉक्टरला, औषध घालू."

"घालू की," सुभेदार म्हणाले. "पर भंडारा मी उचलला हाय. त्यो काय सांगलीच्या डॉक्टरनं उचलला न्हाई."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या बाजूची नजर कडेकडेनं कधीची गेली होती, आणि गेलेली परत येत नाही. उरलेली राखायला थेंब घालायचे. माणसाला ते कळतसुद्धा नाही म्हणे, कारण गेलेल्या जागी अंधार दिसत नाही, मोकळंच वाटतं. तेव्हा मला त्यांचं ते अख्खी मान वळवून बघणं आठवलं. आम्ही त्याला संशय म्हणत होतो. फार वाईट वाटलं.

चूक झाली, असं सुभेदार विलासला तोंडानं कधी म्हणाले नाहीत. कॅमेरा मात्र त्याच्या हेल्मेटला स्वतः बसवून दिला. पट्टी, रबर, दोरी, सगळं. विलास रविवारी माळावर जाऊन यायचा आणि संध्याकाळी सुभेदारांना दाखवायचा. सुभेदार टीव्हीपुढं बसून त्याच्या चुका काढायचे. गाडी पुतण्याकडं गेली, तो तिच्यावरून दूध घालतो.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते सांगलीत. दुकानाचा माल भरायला गेलो होतो. हळदीच्या पेठेत पोत्यांचे ट्रक उभे, रिक्षा, मोटारसायकली, आणि रस्त्याच्या कडेला सुभेदार. डोळे दाखवून आले होते. पलीकडं काकू औषधाच्या दुकानात उभ्या होत्या आणि त्यांना तिकडं जायचं होतं. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी जाऊन नमस्कार केला. त्यांनी ओळखलं, पण हात धरू दिला नाही.

उजवीकडचं त्यांनी स्वतः बघून घेतलं, नेहमीसारखं निरखून. मग थांबले. मान डावीकडं वळवायला लागले होते, ती अर्ध्यातच सोडली आणि नजर समोरच ठेवून म्हणाले, "डावीकडनं काय येतंय का रं?"

एक रिक्षा येत होती. ती जाऊ दिली. मग मी म्हणालो, "न्हाई. चला."

सुभेदारांनी डावीकडं बघितलं नाही. माझ्या शब्दावर रस्त्यात पाऊल टाकलं.